चंद्रपूरच्या वेशीवर वाघ का राहतात?

चंद्रपूर शहराच्या उत्तरेला दुर्गापूर आणि ऊर्जानगरचा पट्टा आहे. २,९२० मेगावॅटचं महाऔष्णिक वीजकेंद्र, त्याच्या आजूबाजूला वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीच्या, कोळसा खाणी, खाणींतून उपसलेल्या मातीचे टेकडीएवढे ढिगारे, कामगारांच्या वसाहती आणि इरई नदी. दिवसरात्र ट्रकची ये-जा, भोंगे, धूळ, दिवे. या पट्ट्यात वाघ राहतात. वाट चुकून आले आणि परत गेले, असा प्रकार नाही. ते इथे शिकार करतात, उन्हाळा काढतात, आणि वाघिणी बछड्यांसह फिरताना दिसतात.

आता शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याकडे बघा. महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं जंगल तिथे आहे. तरीही कित्येक वर्षं तिथे वाघ जवळपास नव्हतेच. अलीकडे जिल्ह्याच्या उत्तरेला, वडसा आणि गडचिरोली वनविभागांत ते नांदू लागले, तेही वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरीच्या बाजूने गेलेले. दक्षिणेकडच्या घनदाट रानात वाघ अजूनही तुरळक आहेत.

दाट जंगलात वाघ नाही आणि कोळशाच्या खाणीत आहे, हे पहिल्यांदा ऐकताना उफराटं वाटतं. पण वाघाच्या बाजूने हिशेब मांडला की त्यात काही उफराटं उरत नाही. तो हिशेब चंद्रपूरकरांना माहीत असणं फार गरजेचं आहे, असं मला मनापासून वाटतं. वाघ दिसला की एकच मागणी पुढे येते: पकडा आणि लांब सोडून या. ती मागणी भीतीतून येते, आणि भीती खरी आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीजकेंद्राच्या परिसरात रात्री कामावरून घरी निघालेला कामगार वाघाच्या हल्ल्यात गेला. त्याच सुमारास दुर्गापुरात एका सोळा वर्षांच्या मुलाला बिबट्याने नेलं. ज्या घरातलं माणूस गेलं त्यांच्यासमोर उभं राहून वाघाचं शास्त्र सांगणं कुणालाही सोपं नाही. तरीही पुढचा माणूस वाचवायचा असेल तर वाघ तिथे का आहे, याचं उत्तर आधी लागेल.

वाघिणीपासून सुरुवात

वाघ कुठे राहणार हे मुख्यतः वाघीण ठरवते. नराचा हिशेब सोपा असतो: जास्तीत जास्त वाघिणी आपल्या हद्दीत याव्यात. म्हणून त्याची हद्द मोठी, दोन-तीन वाघिणींच्या हद्दी पोटात घेणारी. वाघिणीला मात्र बछडे वाढवायचे असतात. सव्वातीन-साडेतीन महिन्यांच्या गाभणकाळानंतर दोन-तीन पिल्लं होतात, आणि पुढची दीड-दोन वर्षं त्यांना खाऊ घालणं, लपवणं, इतर नरांपासून वाचवणं हे सगळं तिच्या एकटीवर. त्यामुळे ती जागा निवडते ती तीन गोष्टी पाहून: भक्ष्य जवळ हवं, दिवसा कुणी उठवणार नाही अशी आडोशाची जागा हवी आणि पाणी हवं.

यातलं भक्ष्य आधी घेऊ, कारण गडचिरोलीचं कोडं तिथेच सुटतं. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास चितळाएवढी जनावरं लागतात, म्हणजे आठवड्याला एक. पण रानातल्या हरणांचा कळप टिकायचा असेल तर वर्षाकाठी त्यातली दहा टक्क्यांच्या आसपासच वाघाच्या पोटात जाऊन चालतं. उलटा गुणाकार केला की एका वाघामागे पाचशेच्या घरात चितळ-सांबर-रानडुकरं लागतात. बछडे असलेल्या वाघिणीला त्याहून जास्त. ही जनावरं जिथे दाटीने आहेत तिथे वाघिणीला वीस-पन्नास चौरस किलोमीटर पुरतात. रशियाच्या अतिपूर्वेकडच्या बर्फाळ रानात भक्ष्य इतकं विरळ आहे की एकेका वाघिणीची हद्द चारशे चौरस किलोमीटरच्या आसपास जाते. गडचिरोलीत झाडं उभी राहिली, पण वर्षानुवर्षांच्या शिकारीने खुरांची जनावरं विरळ झाली. झाडं वाघाला आडोसा देतात, पोट भरत नाहीत.

ताडोबात नेमकं उलट घडलं. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य, आणि पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, भोवती अकराशे चौरस किलोमीटरचं बफर. गाभ्यातली काही गावं बाहेर वसवली गेली. त्यांच्या जुन्या शेतांवर गवत उगवलं आणि चितळांचे कळप वाढले. शिकारीवर पहारा बसला. देशभरात दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत २००६ मध्ये महाराष्ट्रात १०३ वाघांचा अंदाज होता, २०२२ मध्ये तो ४४४ वर गेला. यातला मोठा वाटा चंद्रपूर जिल्ह्याचा, आणि त्यातलेही बरेच वाघ व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेर, ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर वनविभागांच्या प्रादेशिक जंगलात.

ताडोबा भरलं, मग पुढे काय? दीड-दोन वर्षांचे झाले की बछड्यांना आईची हद्द सोडावी लागते. मुली बहुधा आईच्या शेजारीच जागा शोधतात. कधी आईच आपल्या हद्दीचा एक तुकडा मुलीसाठी सोडते. मुलगे लांब जातात, कारण थांबले तर तिथला प्रस्थापित नर त्यांना जगू देत नाही. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक रेडिओ कॉलर लावलेला नर २०१९ मध्ये निघाला आणि विदर्भ-मराठवाडा-तेलंगणाच्या शेतशिवारांतून फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याची एकूण भटकंती तीन हजार किलोमीटरच्या पुढे गेली. ब्रह्मपुरीच्या जंगलातला आणखी एक नर २०२३ मध्ये थेट ओडिशात दिसला. अंगावरचे पट्टे ताडून ओळख पटली, कारण दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात.

मुली शेजारी राहतात आणि मुलगे लांब जातात, ही एवढी गोष्ट लक्षात ठेवली तर शहराजवळच्या वाघांची दोन वेगळी रूपं ओळखता येतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये नागपूरच्या मिहान भागात वाघ दिसला तेव्हा सगळं शहर हादरलं. तो वाटसरू होता. अशा वाघाला वाट मोकळी ठेवली, गर्दी केली नाही, की तो निघून जातो. चंद्रपूरच्या वेशीवरची गोष्ट वेगळी आहे. इथे वाघिणी आहेत, आणि वाघीण राहिली की तिच्या मुली शेजारी राहणार. अशा जागी जन्मलेल्या वाघिणीच्या कानावर पहिल्या दिवसापासून भोंगा पडलेला असतो. तिच्यासाठी हेच घर असतं.

ओबीच्या ढिगाऱ्यात

आता त्या खाणीच्या जागेत जरा जवळून डोकावू, कारण माझ्या मते चंद्रपूरच्या कोड्याचं अर्धं उत्तर तिथे पडलेलं आहे.

उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोचायचं तर वरची माती, मुरूम, दगड उपसून बाजूला टाकावे लागतात. खाणीतले लोक त्याला ओबी म्हणतात. त्याचे कित्येक मजले उंच ढिगारे, पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले. खाण पुढे सरकली की मागचा ढिगारा तसाच पडून राहतो. एका पावसाळ्यात त्यावर गवत येतं, आणि मग वेडी बाभूळ. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. खराब माती, कमी पाणी, कडक ऊन यांतलं काहीही त्याला आडवत नाही. गुरं आणि रानडुकरं त्याच्या गोड शेंगा खातात, बिया शेणातून पुढे पडतात, आणि काही वर्षांत अशी जाळी माजते की कुऱ्हाडीशिवाय माणूस आत शिरू शकत नाही.

माणूस शिरू शकत नाही, जनावर शिरतं. बाहेरून काट्यांची भिंत दिसते, पण खाली वाकून पाहिलं तर फांद्यांच्या छताखाली कमरेच्या उंचीपर्यंत मोकळी जागा असते. रानडुकरांनी ये-जा करून तिथे बोगद्यासारख्या वाटा केलेल्या असतात. वाघ खांद्यापाशी साधारण तीन फुटांचा, त्यामुळे त्याला त्या वाटा बेतशीर होतात. आत सावली, खाली भुसभुशीत माती, वरून वारा, आणि उंचावर असल्याने खालची हालचाल आधी कळते. दिवसाचा बराचसा वेळ वाघ पडून काढतो. त्या वेळात कुणी न उठवणारी जागा त्याला शिकारीइतकीच मोलाची असते.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. वीजकेंद्राला आणि खाणींना कुंपण असतं, सुरक्षारक्षक असतात. सरपणाला बाया आत जात नाहीत, गुराखी गुरं घालत नाहीत, शिकारी फासे लावत नाहीत. जवळच्या गावाच्या राखीव जंगलात पहाटेपासून माणसांचा राबता असतो. कुंपणाच्या आतल्या झुडपात मात्र दिवसभर कुणीच नसतं. माणसांना बाहेर ठेवण्यासाठी केलेली व्यवस्था वाघाला निवांतपणा देऊन गेली, आणि तिचा असा उपयोग होईल हे ती करणाऱ्यांच्या मनातही नव्हतं.

शेजारी पाणी आहेच. इरई नदी, इरई धरण, नाले, आणि काम संपलेल्या खाणींत साठलेले डोह. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर जातो. मे महिन्यात ताडोबातले वाघ दुपारी पाणवठ्यात मागचं अंग बुडवून बसलेले दिसतात. खाणीतल्या डोहावरही त्यांना तेच सुख मिळतं.

आणि खायला? रानडुकरं, याच वेड्या बाभळीत वाढलेली. थोडी चितळं, रोही म्हणजे नीलगायी. आणि मोकाट गुरं. मेलेलं जनावर गावाबाहेर टाकून द्यायची पद्धत बहुतेक गावांत आहे, आणि त्यावरही वाघ येतो. इथे वाघ आणि बिबट्या यांच्यातला फरक ध्यानात घ्यायला हवा. बिबट्या कुत्र्यावर, डुकराच्या पिल्लावर, कोंबड्यांवर भागवू शकतो, म्हणून तो उकिरड्यांच्या मागे अगदी घरांच्या ओळीपर्यंत येतो. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाभोवती बिबटे टिकले ते याच जोरावर. वाघाचं वजन बिबट्याच्या तिप्पट-चौपट. कुत्र्यावर त्याचा संसार चालत नाही. त्यामुळे वाघ वस्तीच्या आत फारसा येत नाही, वस्तीच्या कडेला राहतो. पण उघड्यावरचा कचरा डुकरांना बोलावतो आणि डुकरं वाघाला. दुर्गापुरात वाघ आणि बिबट्या दोघे एकाच वेळी का, याचं उत्तर या साखळीत आहे.

एकच जागा, दोन पाळ्या

नेपाळच्या चितवनमध्ये ट्रॅप कॅमेरे, म्हणजे समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावून केलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसं आणि वाघ अगदी त्याच पायवाटा वापरत होते. वाघांनी जागा सोडली नव्हती, वेळ बदलली होती: दिवसाचा वावर कमी करून रात्रीचा वाढवला होता. टिपेश्वरचा तो भटक्या वाघही दिवसा कुठल्यातरी ओढ्यात किंवा शेताच्या बांधावरच्या झुडपात पडून राहायचा आणि रात्री चालायचा. एवढ्या लांब प्रवासात, इतक्या गावांच्या कडेने, बहुतेक लोकांना तो गेल्याचा पत्ताही लागला नाही.

शहराजवळचा वाघ या वेळेच्या वाटणीवर जगतो, आणि माणसंही नकळत तिच्यावरच विसंबून असतात. ती मोडते कुठे, ते पाहिलं की हल्ले कुठे होतात ते दिसतं. वीजकेंद्र आणि खाण रात्रीही चालू असते. पाळी सुटल्यावर अंधारात सायकलने किंवा पायी घरी निघालेला माणूस वाघाच्या वेळेत वाघाच्या वाटेवर असतो. पहाटे शौचाला किंवा फिरायला गेलेला माणूसही तसाच. उलट बाजूने, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला माणसं भल्या पहाटे जंगलात शिरतात. वाकून किंवा बसून काम चालतं. उभा माणूस वाघ ओळखतो आणि टाळतो. झुडपाआड वाकलेली आकृती त्याला माणसासारखी दिसत नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. चार पैसे मिळायचा तो एकच हंगाम असतो, आणि त्यासाठी त्यांना नेमकं त्याच महिन्यात, त्याच वेळी रानात जावं लागतं. ही वेळ टळावी असं सांगणं सोपं आहे, पण ज्या घराचं वर्षाचं गणित त्या पानांवर असतं त्याला दुसरा मार्गही दाखवावा लागतो.

शहर वाटेतच उभं आहे

चंद्रपूर भौगोलिकदृष्ट्या अडचणीच्या जागी आहे. उत्तरेला ताडोबा. दक्षिणेला राजुरा, कन्हाळगावमार्गे तेलंगणातला कवाल व्याघ्र प्रकल्प. पूर्वेला लोहारा, जुनोना, चिचपल्लीचं जंगल, पुढे मूल-सिंदेवाही-ब्रह्मपुरीचा धानपट्टा आणि त्यापलीकडे गडचिरोली, छत्तीसगड. ताडोबातून निघालेला तरुण वाघ दक्षिणेकडे किंवा पूर्वेकडे जायचं म्हणाला तर शहराची कड त्याला लागतेच. वनविभागाच्या भाषेत हे भ्रमणमार्ग. नकाशावर हिरवी रेघ दिसते. जमिनीवर ती कुठे नाल्याकाठची शंभर पावलांची झाडी असते, कुठे दोन शेतांमधला बांध.

त्यात जमिनीखाली कोळसा. वर्धा खोऱ्यातला कोळशाचा थर जंगलाखालूनच गेलाय, त्यामुळे खाण आणि वाघ एकाच जमिनीवर हक्क सांगतात. २००९ च्या सुमारास लोहाऱ्याच्या प्रस्तावित खाणीविरुद्ध चंद्रपूरकर रस्त्यावर उतरले होते ते यामुळेच. खाण झाली असती तर ताडोबाला बाहेर जोडणारा एक महत्त्वाचा पट्टा तुटला असता.

रस्ते आणि रेल्वे यांचा परिणाम दुहेरी होतो. वाघ रस्त्याला फार घाबरतो असं नाही. रात्री मोकळ्या रस्त्यावरून तो आरामात चालतो, आणि तेच जिवावर बेतू शकतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये बल्लारशाह-गोंदिया मार्गावर चिचपल्लीच्या जंगलात तीन बछडे रेल्वेखाली मेले. आईमागोमाग रूळ ओलांडणं एवढाच त्यांचा गुन्हा. यावर उपाय नाही असं मात्र नाही. नागपूर-जबलपूर महामार्गावर पेंचच्या जंगलातून जाणारा रस्ता चौपदरी झाला तेव्हा जनावरांसाठी नऊ भुयारी आणि पुलाखालच्या वाटा ठेवल्या गेल्या. त्यातली सगळ्यात रुंद साडेसातशे मीटरची. ट्रॅप कॅमेऱ्यांत चितळांपासून वाघांपर्यंत सगळे त्या वापरताना दिसले. रानकुत्र्यांनी तर पुलाखाली शिकारही केली. रस्ता व्हायच्या आधी वाघाची वाट विचारात घेतली तर काय होतं, याचं हे उदाहरण चंद्रपूरपासून फार लांब नाही.

हे सगळं कळतं कसं?

वाघ कुठे आहे हे शोधणं तुलनेने सोपं. कुठे नाही, हे ठरवणं अवघड. एखाद्या बीटात, म्हणजे गस्तीसाठी नेमून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात, वनरक्षकाला पायाचे ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे यातलं काहीच मिळालं नाही, तर वाघ नाही असं म्हणावं की दिसला नाही असं? म्हणून देशव्यापी गणनेत तीच जागा पुन्हा पुन्हा चालून पाहिली जाते. वाघ असूनही खूण न मिळण्याची शक्यता किती, याचा अंदाज त्यातून बांधता येतो. सगळं क्षेत्र शंभर-शंभर चौरस किलोमीटरच्या चौकटींत वाटून प्रत्येक चौकटीबद्दल प्रश्न विचारले जातात: खुरांची जनावरं किती, जंगल किती, जवळच्या संरक्षित क्षेत्रापासून अंतर किती, रस्ते किती, उपग्रहातून रात्री दिसणारा उजेड किती. मग कोणत्या गोष्टीबरोबर वाघ असण्याची शक्यता वाढते आणि कोणत्या गोष्टीबरोबर घटते, ते गणिताने शोधता येतं.

भारतभरच्या अशा नोंदींवरचा एक मोठा अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. २००६ ते २०१८ या काळात देशातलं वाघांचं क्षेत्र सुमारे तीस टक्क्यांनी वाढून १,३८,००० चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं, आणि त्यातला जवळपास ४५ टक्के भाग असा की जिथे माणसंही राहतात. सुमारे सहा कोटी. भक्ष्य भरपूर असलेली संरक्षित जंगलं हा वाघांचा झरा, आणि त्याला जोडून असलेल्या माणसांच्या मुलखात ते पसरतात. उलट सशस्त्र संघर्ष, टोकाची गरिबी आणि जमिनीचा पूर्ण पालटलेला वापर असलेल्या भागांत वाघ टिकले नाहीत किंवा आलेच नाहीत. म्हणजे किती माणसं आहेत याहून ती कशी जगतात, शिकारीवर किती अवलंबून आहेत, वाघाला किती सहन करतात, याने जास्त फरक पडतो. चंद्रपूर आणि गडचिरोली शेजारी ठेवून पाहिले की हा निष्कर्ष कागदावरचा राहत नाही.

भोपाळला जा, तिथेही हेच सापडेल. शहराच्या कडेला केरवा आणि कलियासोत ही धरणं, काठाला झाडीच्या टेकड्या, पाठीमागे डिसेंबर २०२४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेलं रातापानी. भक्ष्य, आडोसा, पाणी, आणि मागे वाघांचा झरा. ऑक्टोबर २०२२ मध्ये एक वाघ शहरातल्या एका अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात फिरत होता. तिथे कोळसा नाही, ओबी नाही. पण भिंतीआडचं निवांत झुडूप तिथेही होतं.

पकडून नेलं तर?

काही वेळा पकडावंच लागतं. माणसांवर वारंवार हल्ले करणाऱ्या वाघाबाबत वनविभागाने वेळ घालवू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण नुसता दिसला म्हणून पकडलेल्या वाघाच्या जागेचं काय होतं? जागा तशीच राहते. तीच झुडपं, तीच डुकरं, तोच डोह. ताडोबात आणि ब्रह्मपुरीत दरवर्षी नवे तरुण वाघ जागेच्या शोधात निघतात, आणि मोकळ्या हद्दीचा पत्ता त्यांना वासावरून लागतो. प्रस्थापित वाघिणीला त्या परिसरातल्या माणसांच्या वेळा ठाऊक झालेल्या असतात, नवख्याला नसतात. नर हलवला तर त्याच्या जागी येणारा नवा नर आधीच्या नराचे बछडे मारतो, आणि पिल्लं वाचवायला वाघीण त्यांना घेऊन वस्तीच्या आणखी जवळ सरकू शकते.

पकडलेला वाघ नेऊन सोडायचा कुठे, हाही प्रश्नच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वाघिणी २०२३ मध्ये नवेगाव-नागझिऱ्यात नेल्या गेल्या, कारण तिथे जंगल आहे, भक्ष्य आहे आणि वाघिणी कमी होत्या. असं विचारपूर्वक केलेलं स्थलांतर उपयोगी पडतं, पण तेही दर वेळी माणसाच्या मनासारखं होत नाही. ताडोबातून नोव्हेंबर २०२४ मध्ये ओडिशाच्या सिमिलीपालला नेलेली एक वाघीण महिनाभरात तिथून निघाली, झारखंडमधून पश्चिम बंगालच्या बांकुड्यापर्यंत गेली आणि तिथे तिला पुन्हा पकडावं लागलं.

म्हणून जागेवर काम करणं जास्त लांबवर पुरतं, असं मला वाटतं. वसाहतीला आणि कामगारांच्या रस्त्याला लागून असलेली वेडी बाभूळ काढणं, आणि एकदा काढून न थांबता दरवर्षी काढत राहणं, कारण ती बुंध्यातून पुन्हा फुटते. कचरा उघड्यावर न टाकणं. मेलेली गुरं पुरणं. रात्रपाळीच्या माणसांना बंद गाडीतून घरापर्यंत सोडणं. गावाच्या प्राथमिक प्रतिसाद दलाकडे, म्हणजे गावकरी ज्याला पीआरटी म्हणतात त्याच्याकडे, चांगल्या बॅटऱ्या आणि वेळेवर मानधन असणं. शेताला वीजप्रवाह सोडलेली तार न लावता सौर कुंपण लावणं. त्या तारेने रानडुकरांबरोबर वाघ मेलेत आणि माणसंही. यातलं प्रत्येक काम वाघाच्या हिशेबातला एकेक आकडा बदलतं.

यात सगळ्यात मोठा आकडा अजून हातात आहे. दुर्गापूर-पद्मापूर पट्ट्यातल्या खाणी कधी ना कधी संपणार, आणि प्रत्येक खाणीला बंद करण्याचा आराखडा करावा लागतो: ढिगारा कसा सपाट करायचा, त्यावर काय लावायचं, खड्ड्यातल्या पाण्याचं काय करायचं. आजवर बरेच ढिगारे वेड्या बाभळीच्या हवाली झाले. शहराच्या बाजूच्या ढिगाऱ्यांवर मोकळं गवत आणि विरळ झाडं ठेवायची, आणि ताडोबाच्या बाजूला, भ्रमणमार्गावर, बांबू, मोह, तेंदू, आवळा अशी इथलीच झाडं लावून सलग आडोसा उभा करायचा, असा आराखडा वेकोलि आणि वनविभाग एकत्र बसून करू शकतात. वाघिणीला त्या ढिगाऱ्यांपैकी कुठला दिवसभर पडून राहायला योग्य वाटेल, हे लावणीच्या त्या निर्णयावर ठरेल, आणि तो निर्णय वनरक्षकाच्या आधी खाणीच्या नियोजन विभागात घेतला जातो.